वायरलेस ब्रॉडबँडमुळे बिघडलेले सी-बँड रिसेप्शन : दोष कुठला ते ओळखा, मगच फिल्टर घ्या

काल सायंकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी डिश आज सगळ्याच चॅनेलवर अडखळते. चित्रात चौकोन पडतात, आवाज तुटतो. रिसीव्हरवर स्ट्रेंग्थ भरपूर दिसते, कधी तर नेहमीपेक्षा जास्तच, पण क्वालिटी शून्याच्या आसपास नाचते. डिश हलवून, एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल वाढवून केबलमध्ये देणारा डबा) बदलून, केबल नवी टाकूनही फरक पडत नाही. अशा वेळी आजूबाजूला ३.५ गिगाहर्ट्झवर चालणारा नवा टॉवर किंवा वायरलेस ब्रॉडबँडचा बॉक्स आला आहे का, हे आधी बघावे.

उपग्रहाचा सी-बँड डाउनलिंक, म्हणजे उपग्रहाकडून खाली येणारा सिग्नल, ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये येतो आणि नेहमीच्या वापरातला भाग ३.७ ते ४.२ हा. ५जीचा एन ७८ हा बँड ३.३ ते ३.८ आहे, एन ७७ तर थेट ४.२ पर्यंत जातो. म्हणजे दोघे शेजारी तरी आहेत, नाहीतर एकाच घरात आहेत. शेजार असूनही त्रास का होतो, हे आकड्यांत पाहिले की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात.

उपग्रह जवळजवळ ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. इतके अंतर कापताना ४ गिगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे १९६ डीबीने क्षीण होतो (डीबी म्हणजे शक्तीचे प्रमाण, दर १० डीबीला दहापट; डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती). २.४ मीटरची डिश त्यात जवळपास ३८ डीबीची भर घालते, तरी एका ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाची) शक्ती एलएनबीच्या तोंडाशी −९० डीबीएमच्या आसपासच उरते. आता १ किलोमीटरवरचा टॉवर घ्या. तो तुमच्या दिशेने ६० डीबीएम फेकत असेल, तर ३.५ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेतला ऱ्हास १०३ डीबी. डिशने त्या दिशेला काहीच गेन दिला नाही असे धरले तरी फीडमध्ये (एलएनबीच्या तोंडाशी असलेल्या भोंग्यात) −४३ डीबीएम शिरतात. साधा एलएनबी −६० ते −५० डीबीएमच्या दरम्यानच वाकायला लागतो. त्याचा गेन ६२ डीबी धरला, तर बाहेर +१९ डीबीएम यायला हवेत, आणि त्याची झेप +१० च्या आतच संपते. मग तो नुसता टॉवरचाच सिग्नल दाबत नाही. त्याच अॅम्प्लिफायरमधून जाणारे सगळे ट्रान्सपाँडर सोबत दबतात.

म्हणून एक गोष्ट पक्की धरावी: एलएनबी एकदा दबला की त्याच्यानंतर केबलवर काहीही लावून उपयोग नाही. केबलमध्ये लावायचे छोटे एल-बँड (एलएनबीनंतर केबलवर येणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सीचे) फिल्टर स्वस्त आणि सोपे, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पण नुकसान त्याच्या आधीच झालेले असते. पीएलएल एलएनबीचेही तसेच. त्याची फ्रिक्वेन्सी स्थिर असते, त्याचा ओव्हरलोडशी संबंध नाही.

त्रास कुठून शिरतो आहे?

वाटा तीन. पहिली, वर सांगितलेला ओव्हरलोड: शेजारच्या बँडची ताकद एलएनबीला दाबते. दुसरी, इन-बँड: ब्रॉडबँडचा कॅरियर (वाहक सिग्नल) तुमच्या ट्रान्सपाँडरच्याच फ्रिक्वेन्सीवर बसलेला. तिसरी वाट केबलची, म्हणजे मोबाइल किंवा कॉर्डलेस फोनचा सिग्नल कोॲक्समध्ये किंवा सैल कनेक्टरमधून शिरतो. तिन्हींची औषधे वेगळी आहेत आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

पहिला अंदाज रिसीव्हरवरूनच येतो. सगळे ट्रान्सपाँडर एकदम खराब झाले, तर ओव्हरलोड. एक-दोनच गेले आणि बाकीचे ठणठणीत असतील, तर इन-बँड किंवा केबल. गर्दीच्या वेळी बिघडून पहाटे सुधारत असेल तर टॉवरवरच्या ट्रॅफिकचा संशय घ्यावा, कारण हे नेटवर्क बोलायला माणसे असली की जास्त बोलते.

खात्रीसाठी स्पेक्ट्रम अॅनालायझर लागतो. स्वतःचा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला एका दुपारपुरते बोलवा, चुकीचा फिल्टर विकत घेण्यापेक्षा ते परवडते. एलएनबीच्या केबलवर पॉवर इन्सर्टर लावा आणि अॅनालायझरच्या इनपुटला डीसी ब्लॉक लावायला विसरू नका, एलएनबीचे १३ किंवा १८ व्होल्ट थेट आत गेले तर यंत्र कायमचे बसते. सी-बँड एलएनबीचा लोकल ऑसिलेटर ५१५० मेगाहर्ट्झ असतो आणि बाहेर येणारी फ्रिक्वेन्सी ५१५० मधून वजा होऊन येते. त्यामुळे पडद्यावर सगळे उलटे दिसते: ४२०० येते ९५० वर, ३७०० येते १४५० वर, ३६०० येते १५५० वर आणि ३४०० येते १७५० वर. म्हणजे १४५० च्या उजवीकडे रुंद, सपाट डोंगर दिसला तर तो ३.७ च्या खालचा ब्रॉडबँड. ५जीचा कॅरियर बहुधा १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो, ट्रान्सपाँडर ३६ मेगाहर्ट्झच्या आसपास. रुंदीवरूनच दोघे वेगळे कळतात.

एक चकवा इथे हमखास बसतो. हे नेटवर्क टीडीडी पद्धतीचे आहे, म्हणजे पाठवणे आणि घेणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने, काही मिलिसेकंदांच्या तुकड्यांत. साध्या स्वीपवर तो डोंगर तुटक खुंट्यांसारखा दिसतो किंवा दिसतच नाही. मॅक्स होल्ड (सर्वाधिक पातळी पडद्यावर धरून ठेवणारी सोय) लावून दोन-तीन मिनिटे थांबा, मग आकार उभा राहतो.

त्यानंतर डिश उपग्रहावरून चार-पाच अंश बाजूला, मोकळ्या आकाशाकडे फिरवा. ट्रान्सपाँडर गेले पाहिजेत. जे तसेच राहील ते जमिनीवरून येते आहे. फिरवण्याआधी मात्र मूळ जागेवर मार्करने खूण करून ठेवा. दिशा शोधायची असेल तर एक सुटा एलएनबीएफ (भोंगा आणि एलएनबी एकत्र असलेला) लांब केबलवर हातात धरून गोल फिरा. पातळी जिथे सर्वाधिक, तिकडे टॉवर. मग मधे स्वतः उभे राहून बघा, माणसाचे शरीर ३.५ गिगाहर्ट्झला चांगले अडवते आणि पातळी पडली तर दिशा नक्की झाली.

केबलची वाट बंद करा

हे काम थोडक्यात आटपते. केबल एलएनबीपासून सोडवून त्या टोकाला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा आणि खालच्या टोकाला अॅनालायझर जोडा. आता पडद्यावर काहीच नको. तरीही ९३५ ते ९६०, १८०५ ते १८८० किंवा २११० ते २१७० मेगाहर्ट्झमध्ये काही दिसले, तर ते मोबाइलचे आहे आणि केबलमधूनच शिरते आहे. १८८० ते १९०० वर डेक्ट कॉर्डलेस फोन बसतो. केयू-बँडवाल्यांना (११-१२ गिगाहर्ट्झवरच्या डिशना) हा जास्त छळतो, कारण तिथे आयएफ, म्हणजे केबलवरची फ्रिक्वेन्सी, २१५० पर्यंत जाते. ९७५० आणि १०६०० च्या ऑसिलेटरवर तो नेमका ११६३० आणि १२४८० मेगाहर्ट्झच्या वरच्या ट्रान्सपाँडरना गाठतो. फोनचा बेस रिसीव्हरपासून चार-पाच मीटर लांब नेला की बहुतेकदा भांडण मिटते.

बाकी औषध साधे आहे. क्वाड-शील्ड आरजी-६ केबल, कॉम्प्रेशनने दाबलेले एफ कनेक्टर (पिळून बसवायचे नकोत), मल्टिस्विचच्या मोकळ्या पोर्टवर टर्मिनेटर. कनेक्टर उघडलाच आहे तर बघा: जाळीची एकही तार मधल्या तांब्याच्या तारेला लागता कामा नये, आणि मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटर हवी.

गच्चीवरचा स्वतःचाच बॉक्स

टॉवरला दोष देण्याआधी डोळे फिरवून घ्या. वायरलेस ब्रॉडबँडचा बाहेर लावायचा बॉक्स त्याच गच्चीवर असेल, तर त्याचे २३ डीबीएम आणि अँटेनाचे १० डीबी मिळून ३३ डीबीएम होतात. टॉवरच्या मानाने काहीच नाही. पण ५ मीटरवर ऱ्हास फक्त ५७ डीबी. बॉक्सचे तोंड डिशकडे असेल तर −२४ डीबीएम, म्हणजे १ किलोमीटरवरच्या टॉवरपेक्षा १९ डीबी जास्त. पाठ डिशकडे असली आणि त्यामुळे २० डीबी कमी झाले, तरी टॉवरशी बरोबरी आहेच. बॉक्स बंद करून क्वालिटी बघणे हा अर्ध्या मिनिटाचा प्रयोग. तिथेच उत्तर मिळाले तर बॉक्स जिन्याच्या खोलीच्या किंवा टाकीच्या पलीकडे न्या, पाठ डिशकडे ठेवा, काम झाले.

घरातल्या वाय-फायवर मात्र लोक विनाकारण संशय घेतात. २.४ गिगाहर्ट्झ खूप खाली आहे, ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ५.१५ पासून वर. नव्या ६ गिगाहर्ट्झच्या राउटरबद्दल तेवढे बेफिकीर राहू नये. ५१५० च्या दुसऱ्या बाजूची आरसा-फ्रिक्वेन्सी (एलएनबीतून त्याच जागी उमटणारी नकोशी फ्रिक्वेन्सी) ६१०० पासून सुरू होते. चांगला एलएनबी ती अडवतो, हलका नाही. राउटर डिशखाली ठेवू नका, एवढे पुरे.

फिल्टर निवडताना

ओव्हरलोड सिद्ध झाला तर उपाय एकच: फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्या मधे वेव्हगाइड (पोकळ धातूच्या नळीचा) बँडपास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टाच आत सोडणारा. कुठला, हे तुमच्या भागात ब्रॉडबँडला कुठपर्यंत जागा दिली आहे त्यावर ठरते. भारतात ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ दिलेले आहेत, म्हणून ३.७ ते ४.२ चा फिल्टर चालतो. अमेरिकेत ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा उपग्रहाकडून काढून घेतला, तिथे ४.० ते ४.२ चाच फिल्टर हवा. परदेशी दुकानातून मागवताना हा घोटाळा सतत होतो. ४.० चा फिल्टर लावला की त्याखालचे सगळे ट्रान्सपाँडर गायब, आणि मालक समजतो एलएनबी गेला.

डेटाशीटमध्ये तीन आकडे वाचा. पहिला रिजेक्शन (नको तो सिग्नल किती कापतो), आणि तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर. “६० डीबी” असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, पण ते ३.५ वर असू शकते आणि ३.६५ वर जेमतेम १५. टॉवर जिथे आहे तिथला आकडा विचारा. आधीच्या उदाहरणातले −४३ डीबीएम तिथे ४५ डीबीने कापले तर −८८ उरतात, एलएनबी निवांत. दुसरा आकडा इन्सर्शन लॉस (हवा तो सिग्नल किती खातो). ०.३ डीबी म्हणजे किरकोळ वाटते, पण एलएनबीच्या आधी बसलेला प्रत्येक दशांश महाग पडतो. २९० केल्व्हिनवरचा ०.३ डीबीचा लॉस स्वतःच सुमारे २१ केल्व्हिनचा नॉइज घालतो. अँटेनाचे ४० आणि एलएनबीचे ३० धरून प्रणाली ७० केल्व्हिनवर चालत असेल, तर ती ९३ वर जाते आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे १.२ डीबीने घसरते. तेवढी गंगाजळी तुमच्याकडे आहे का ते आधी तपासा. डीव्हीबी-एस२ या उपग्रह-प्रक्षेपण पद्धतीत, सिग्नलच्या मांडणीप्रमाणे, ८पीएसके ३/४ ला किमान ७.९ डीबी लागतात, ८पीएसके २/३ ला ६.६, क्यूपीएसके ३/४ ला ४. स्वच्छ हवेत, टॉवर नसताना ९ डीबी मिळत होते आणि चॅनेल ८पीएसके ३/४ वर असेल, तर फिल्टर लावून तुम्ही अगदी काठावर येता. मग डिशही मोठी करावी लागेल. २.४ वरून ३.७ मीटरवर गेले की ३.८ डीबी पदरात पडतात आणि बाजूने येणारा टॉवरचा सिग्नल तेवढा वाढत नाही.

तिसरा आकडा वरच्या कडेचा. विमानांचे रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात. विमानतळाच्या उतरणीच्या मार्गाखाली असाल तर वरची बाजूही कापणारा फिल्टर घ्या, नुसता हाय-पास नको.

बसवणे

१. रिसीव्हर बंद करा आणि केबलवर व्होल्टेज नाही याची मीटरने खात्री करा. आधीची क्वालिटी प्रत्येक ट्रान्सपाँडरची लिहून ठेवा. नंतर आठवणीवर विसंबू नये.

२. एलएनबी फीडवर कसा बसला आहे त्याचा फोटो काढा आणि दोन्ही फ्लँजवर (स्क्रूने जोडायच्या कडांवर) एक सलग रेघ ओढा. वेव्हगाइडचे तोंड आयताकृती असते, ते ९० अंशांनी फिरले की पोलरायझेशन उलटते.

३. सी-बँडला बहुधा सीपीआर-२२९ फ्लँज असतो, १० भोके. खाचेचा फ्लँज आणि सपाट फ्लँज एकमेकांसमोर आले तर खाचेतले नेहमीचे गॅस्केट पुरते. दोन्ही बाजूंना खाचा असतील तर दुप्पट जाडीचे गॅस्केट लागते, साधे टाकले तर फट राहते.

४. फिल्टरच्या आत बोट, कापड, काहीही घालू नका. आतल्या ट्यूनिंग स्क्रूंना लावलेला रंग किंवा लाख तुटली तर फिल्टर कामातून गेला. ते स्क्रू “थोडे घट्ट करावेत” ही इच्छा आवरा.

५. दहाही स्क्रू हाताने बसवा, मग समोरासमोरचे एकेक करून थोडे थोडे आवळा. सहा स्क्रूंवर भागवू नये. फ्लँजमध्ये कागदाएवढी फट राहिली तर टॉवरचा सिग्नल फिल्टरला वळसा घालून थेट एलएनबीत शिरतो आणि ६० डीबीचा फिल्टर २५ चे काम करतो. “फिल्टर लावूनही फरक नाही” या तक्रारीत आधी ही फट शोधावी.

६. दोन एलएनबीचा फीड असेल तर फिल्टरही दोन. एकावरच लावून दुसऱ्याची तक्रार करू नका.

७. फिल्टरने एलएनबी पुढे सरकतो, फीडच्या टोकाला वजन वाढते. फीडच्या काड्या वाकल्या तर फोकस ढळतो. गरज वाटल्यास मधे एक आधाराची पट्टी द्या आणि डिश नव्याने पीक करा, म्हणजे क्वालिटी सर्वाधिक मिळेल अशी जुळवा.

८. सांध्यांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, खालून वर, अर्धा अर्धा वेढा चढवत गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लावू नका, त्याचे आम्ल धातू खाते.

चालू केल्यावर क्वालिटी लगेच वर यावी. ३.७ च्या अगदी कडेला असलेला ट्रान्सपाँडर जरा कमी राहील, फिल्टरची कड तिथेच वाकते. उन्हाळ्यात तो उलट थोडा सुधारला तर नवल नाही: अॅल्युमिनियमचा फिल्टर तापून फुगतो आणि ४० अंशांच्या फरकाने त्याची कड ३ ते ४ मेगाहर्ट्झ खाली सरकते. पहिल्या मोठ्या पावसानंतर हळूहळू क्वालिटी गळायला लागली, तर वेव्हगाइडमध्ये पाणी शिरले आहे. टेप काढून, वाळवून, गॅस्केट बदलून पुन्हा बसवणे आले.

एकसंध एलएनबीएफ असेल, जिथे हॉर्न आणि एलएनबी वेगळे होतच नाहीत, तर वेव्हगाइड फिल्टरला जागाच नाही. तिथे आतच फिल्टर असलेला एलएनबीएफ घ्यावा लागतो. असे मिळतात, पण त्यांचे रिजेक्शन वेव्हगाइड फिल्टरच्या जवळपास जात नाही. टॉवर ५०० मीटरच्या आत असेल तर सुटा हॉर्न, फिल्टर आणि सुटा एलएनबी हाच खर्च करण्याजोगा मार्ग आहे.

जागा आणि जाळी

डिश सगळ्यात उंच ठिकाणी हवी, ही समजूत सी-बँडला नुकसान करते. तिला फक्त उपग्रहाची रेषा मोकळी हवी, टॉवर दिसण्याची काहीच गरज नाही. गच्चीवरून उतरवून इमारतीच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला आणली तर एक पैसा न खर्चता फरक पडतो. टॉवर डिशच्या पाठीमागे असला तर बरा. उपग्रहाच्या दिशेपासून १० अंशांवर असेल, तर तिथे डिश अजून ४ ते १२ डीबी गेन देते, लहान डिश जास्त. म्हणून क्षितिजालगतचा उपग्रह बघणाऱ्या डिशला हा त्रास सर्वाधिक.

आडोसा नसेल तर करता येतो. ३.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ८.६ सेंटिमीटर, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या भोकांची वेल्डेड जाळी तिला भिंतीसारखी वाटते. चौकट करून टॉवरच्या बाजूला डिशपासून ३ मीटरवर उभी करा. फीडपासून टॉवरपर्यंत एक सरळ रेषा कल्पा. जाळीची वरची कड त्या रेषेला नुसती टेकली तर ६ डीबी मिळतात, रेषेच्या १ मीटर वर गेली तर सुमारे २० ते २२. बाजूंनाही तेवढेच हवे, नाहीतर सिग्नल कडेने वळून येतो. उपग्रहाकडच्या झोतात मात्र जाळीचा कोपराही येऊ देऊ नका. चौकट वाऱ्याला पेलेल अशी भक्कम रोवा आणि अर्थिंग द्या, ते विजेसाठी.

फिल्टर जिथे हरतो

कॅरियर तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर फिल्टर त्याला आणि ट्रान्सपाँडरला सारखाच आत घेतो. तिथे जाळी, जागा, मोठी डिश, किंवा तेच चॅनेल दुसऱ्या ट्रान्सपाँडरवर किंवा केयू-बँडवर मिळते का ते पाहणे, एवढेच आपल्या हातात. उरलेले टॉवरवाल्यांच्या हातात आहे: अँटेना एक-दोन अंश खाली झुकवणे, सेक्टर फिरवणे, त्या दिशेची शक्ती कमी करणे. त्यांना हे करायला लावायचे तर “टीव्ही दिसत नाही” अशी तक्रार पुरत नाही. डिशचे अक्षांश-रेखांश, आकार, उपग्रह आणि ट्रान्सपाँडरची फ्रिक्वेन्सी, त्रास देणाऱ्या सिग्नलची मध्य-फ्रिक्वेन्सी व रुंदी, हातातल्या एलएनबीएफने काढलेली दिशा उत्तरेपासून अंशांत, त्रासाच्या वेळा, मॅक्स होल्डचे दोन पडदे (डिश उपग्रहावर असताना आणि बाजूला फिरवलेली असताना), आणि तुमचा डाउनलिंक परवाना किंवा नोंदणी असेल तर तिचा क्रमांक, हे सगळे एका पानावर जोडून ऑपरेटरला आणि स्पेक्ट्रम सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला एकाच दिवशी पाठवा. पडद्याच्या फोटोवर आयएफ दिसते आहे, हवेतली फ्रिक्वेन्सी नाही, हे शाईने लिहा. नाहीतर समोरचा अभियंता १५५० वर आपला टॉवरच नाही म्हणून फाइल बंद करतो.